दारादाराचे शब्द : फ्रान्समध्ये शिकताना रोजची फ्रेंच कशी जमवावी?

सायसाखर

पुण्यात फ्रेंचची बी-१, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा देऊन मी ग्रनोबलला शिकायला गेले, तेव्हा प्रदूषणासारख्या विषयावर मला फ्रेंचमध्ये दोन पाने लिहिता येत होती. पण खोलीतले भांडी घासायचे बेसिन तुंबले आहे, एवढे घरमालकांना फोनवर सांगता येत नव्हते. शेजारच्या खोलीतल्या मुलीने ‘एविए’ म्हणजे बेसिन आणि ‘बुशे’ म्हणजे तुंबलेले, असे दोन शब्द मला दिले. पंधरा दिवसांनी मला सर्दी झाली आणि औषधाच्या दुकानातल्या बाईंनी ‘ने बुशे?’ असे विचारले, तेव्हा तो प्रश्न मला तत्काळ कळला, कारण ‘ने’ म्हणजे नाक हे पुस्तकातून येत होते आणि ‘बुशे’ स्वयंपाकघरातून पाठ झाला होता. आपण बेसिन तुंबले आणि नाक चोंदले असे वेगळे म्हणतो. फ्रेंचला दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. परक्या गावात राहून भाषा शिकताना शब्द एकटा पाठ करू नये, तो ज्या दाराशी लागतो त्या दारासकट आणि तिथल्या पूर्ण वाक्यासकट शिकावा, हे माझे मत तिथून तयार झाले. फ्रान्समधले शैक्षणिक वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि आपली बरीच मुले आता निघण्याच्या तयारीत असतील, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मी शब्दांची वही वर्णानुक्रमे लावली नाही, दारांप्रमाणे लावली : पावाचे दुकान, भाजीबाजार, औषधाचे दुकान, विद्यापीठाचे कार्यालय, घरमालक, टपाल. प्रत्येक दाराला समोरासमोरची दोन पाने दिली. डाव्या पानावर मी काय बोलणार ते, आणि उजव्या पानावर समोरचा माणूस काय विचारतो ते. अनुभवाने सांगते, खरी अडचण उजव्या पानाची असते. आपले वाक्य घरून जुळवून नेता येते. पण ते म्हटल्यावर समोरून जो प्रश्न येतो तो कधी ऐकलेला नसेल, तर पाठ केलेले सगळे तिथेच थांबते. पावाच्या दुकानात ‘यून बागेत, सिल व्हू प्ले’ म्हणणे सोपे आहे. त्यावर बाई ‘ए आव्हेक सेसी?’ म्हणतात, म्हणजे ‘आणखी काय देऊ?’, आणि त्याला ‘स स्रा तू’, म्हणजे ‘एवढेच’, हे उत्तर पहिल्या दिवशी सुचत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून फ्रान्समध्ये खरेदीची छापील पावती आपोआप देणे बंद झाले, त्यामुळे प्रत्येक गल्ल्यावर ‘व्हू व्हुले ल तिके?’ असा एक प्रश्न वाढला आहे. आणि या सगळ्याच्या आधी ‘बोंजूर’. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहताना, काहीही विचारण्याआधी बोंजूर म्हटले नाही तर ते तिथे उद्धटपणाचे समजले जाते. आपल्याकडे दुकानदाराला थेट ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हणण्यात काही वावगे नाही, त्यामुळे ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

माझी बरीचशी फ्रेंच भाजीबाजाराने दिली. ग्रनोबलमध्ये रेल्वेच्या पुलाखाली एस्ताकादचा बाजार भरतो आणि सॅं-ब्रुनो चौकातही एक भरतो. तिथे गेल्यावर लक्षात आले की मला ‘लसूण’ येतो, पण लसणाचा गड्डा येत नाही आणि पाकळीही येत नाही. गड्ड्याला ‘तेत’ म्हणजे डोके म्हणतात, पाकळीला ‘गूस’ आणि कोथिंबिरीच्या किंवा मुळ्याच्या जुडीला ‘बोत’. मराठीत जुडी, गड्डा, पाकळी, फणी, घड असे मोजायचे शब्द आपण न शिकता शिकलेले असतो; परक्या भाषेत नेमके तेच कोणी शिकवत नाही, आणि बाजारात तर त्यांच्यावाचून पान हलत नाही. आवोकादो किंवा खरबूज घेतले की भाजीवाले विचारतात, आजच खायचे आहे की उद्यासाठी हवे आहे? त्याप्रमाणे ते दाबून, हुंगून फळ निवडून देतात. हा प्रश्न उजव्या पानावर लिहिला, त्या दिवशी मला त्या गावात राहत असल्यासारखे पहिल्यांदा वाटले.

औषधाच्या दुकानाचे पान सर्वांत आधी भरावे, कारण ते लागते तेव्हा डोके चालण्याच्या स्थितीत नसते. हिरव्या क्रॉसच्या त्या दुकानात खोकला म्हटले की ‘तू सेश’ की ‘तू ग्रास’ असे विचारतात, म्हणजे कोरडा की कफाचा. अंग दुखते त्याला ‘कुर्बात्यूर’. ‘आ जं’ म्हणजे उपाशीपोटी, आणि ‘जन’ म्हणजे उपवास. दुपारच्या जेवणाला ‘देजने’ म्हणतात ते त्यातूनच आले आहे, म्हणजे मुळात उपास सोडणे. हे कळल्यावर रक्ततपासणीच्या कागदावरची सूचना मी कधी विसरले नाही. एक धोक्याचा शब्द मात्र ठळक लिहून ठेवा. शार्त्रझच्या डोंगरात जाताना वळणावळणाच्या रस्त्यावर बसमध्ये माझी वर्गमैत्रीण ‘माल ओ कर’ म्हणाली. ‘कर’ म्हणजे हृदय, एवढेच मला येत होते, त्यामुळे मी घाबरून तातडीच्या मदतीचा १५ क्रमांक लावायला फोन काढला. ‘माल ओ कर’ म्हणजे मळमळणे. छातीत दुखत असेल तर ‘माल आ ला प्वात्रीन’ म्हणावे लागते. हे दोन शब्दप्रयोग उलटसुलट झाले तर काय होऊ शकते, याचा विचार करून मी आजही अस्वस्थ होते.

आता घराचे दार, ज्याने मला सर्वांत महाग धडा दिला. भाड्याची खोली ताब्यात घेताना ‘एता दे लियो’ नावाचा कागद भरतात. भिंत, खिडकी, दिवा, कपाट, नळ अशी एकेक वस्तू आणि तिच्यापुढे तिची स्थिती, असा तो तक्ता असतो. मी तो न वाचता सही केली, कारण त्यातले निम्मे शब्द मला येत नव्हते आणि घरमालक घाईत होते. हात धुण्याच्या बेसिनला, म्हणजे ‘लाव्हाबो’ला, आधीच बारीक तडा होता, कागदावर मात्र ‘बों एता’, म्हणजे सुस्थितीत, असे लिहिलेले होते. वर्षाने खोली सोडताना तो तडा माझ्या नावावर लागला आणि अनामत रकमेतून पैसे कापले गेले. नंतर कळले की घरात आल्यापासून दहा दिवसांच्या आत त्या कागदात भर घालण्याची मागणी भाडेकरूला कायद्याने करता येते. म्हणून सांगते : ‘युझे’ झिजलेले, ‘रेये’ ओरखडा पडलेले, ‘ताशे’ डाग पडलेले, ‘फिस्युरे’ तडा गेलेले, ‘एकाये’ रंगाचे पोपडे निघालेले, हे पाच शब्द विमानात बसण्याआधी पाठ करा. तो कागद म्हणजे घरातल्या वस्तूंचा आयता कोशच असतो. दुसऱ्या खोलीत राहायला गेले तेव्हा मी त्याची प्रत घेऊन तीन दिवस प्रत्येक वस्तूपुढे उभी राहिले आणि तिचे नाव मोठ्याने म्हटले. चाळणी ‘पास्वार’, झाकण ‘कुवेर्क्ल’, फरशी पुसायचे फडके ‘सेर्पियेर’, दिव्याचा बल्ब ‘आंपूल’, आणि आपला कुकर ‘कोकोत-मिन्यूत’.

तुम्हांला कोणत्या दाराशी कोणता शब्द अडला, ते लिहावे. नव्याने जाणाऱ्यांना त्याचा थेट उपयोग होईल.

निघालोय_रेनला

सायसाखर ताई, हा धागा अगदी वेळेवर आला. मी येत्या महिन्यात रेनला जात आहे. माझी पातळी जेमतेम ए-२, म्हणजे प्राथमिक आहे, अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, आणि हाताशी तीन आठवडे आहेत. एवढ्या वेळात व्याकरण पुढे न्यावे की तुम्ही म्हणता तशी वही भरावी, हे ठरत नाही. आणि आकड्यांची मला विशेष भीती वाटते. सत्तरच्या पुढे ऐकले की गोंधळ होतो.

हिरवी_फळी

मी पुण्यात बरीच वर्षे फ्रेंच शिकवते. ताईंच्या पद्धतीशी मी सहमत आहे, पण दोन गोष्टींवर सावध करावेसे वाटते.

पहिली गोष्ट, फ्रेंच शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्याची. येथे चर्चेसाठी ते ठीक आहे, वहीत मात्र मूळ लिपीतच लिहावे आणि उच्चार कानाने घ्यावा. फ्रेंचमध्ये ‘ऊ’च्या जवळचे दोन स्वर आहेत, आणि आपली लिपी त्यांतला एकच नीट दाखवते. ‘दस्यू’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली. या दोघांत फरक केवळ त्या स्वराचा आहे. देवनागरीत मी ‘य’ जोडून तो सुचवला खरा, पण तिथे ‘य’ मुळीच नाही. जीभ ‘ई’ म्हणताना असते तिथेच ठेवावी आणि ओठ मात्र ‘ऊ’ म्हणताना करतो तसे गोल करावेत, की तो स्वर आपोआप निघतो. आठ दिवस आरशासमोर केले तर मराठी माणसाला तो नक्की साधतो. नासिक्य स्वर आपल्याला तुलनेने सोपे जातात, कारण अनुस्वाराची सवय आहे. तरीही ‘व्हॅं’ म्हणजे वाइन आणि ‘व्हां’ म्हणजे वारा यांतले अंतर जपावे. शब्दाच्या शेवटचे व्यंजन एरवी मुके असते आणि पुढे स्वर आला की जागे होते : ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’. ज्यांनी शाळेत संस्कृतचे संधी केले आहेत, त्यांना हे सांगायला फार वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट लिंगाची. आपल्याकडे तीन लिंगे असल्यामुळे वस्तूला लिंग असते ही कल्पनाच आपल्याला शिकावी लागत नाही, हा मोठा फायदा आहे. पण त्याचबरोबर मराठी लिंग नकळत फ्रेंच शब्दावर बसते. पाव आपला पुल्लिंगी आणि ‘पॅं’सुद्धा पुल्लिंगी, म्हणून विश्वास वाढतो; मग खुर्ची स्त्रीलिंगी, ‘शेझ’ही स्त्रीलिंगी; आणि टेबलापाशी फसगत होते, कारण आपले नपुंसकलिंगी टेबल तिथे ‘ला ताब्ल’ असे स्त्रीलिंगी आहे. नाम नेहमी ‘ल’ किंवा ‘ला’सकटच लिहावे. केवळ त्या एका अक्षराने अर्थ बदलतो अशाही जोड्या आहेत : ‘ल लिव्र’ म्हणजे पुस्तक, ‘ला लिव्र’ म्हणजे पौंड किंवा बाजारातला अर्धा किलो, ‘ला प्वाल’ म्हणजे तळणीचा तवा, ‘ल प्वाल’ म्हणजे खोली उबदार ठेवणारी शेगडी.

रेनला जाणाऱ्या मुलासाठी : व्याकरण तिथे गेल्यावरही होईल. या तीन आठवड्यांत कान तयार करा. आर-एफ-आय या फ्रेंच रेडिओवर सोप्या फ्रेंचमधले दहा मिनिटांचे बातमीपत्र रोज असते, त्याची संहिताही मिळते. आधी न वाचता ऐका, मग वाचून ऐका, मग पुन्हा न वाचता ऐका.

लेमांकाठ

आकड्यांविषयी. मी लोझानला, म्हणजे स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागात शिकलो, आणि तिथे ही अडचण आलीच नाही, कारण लोझान ज्यात येते त्या व्हो प्रांतात सत्तरला ‘सेप्तांत’, ऐंशीला ‘युइतांत’ आणि नव्वदला ‘नोनांत’ असे सरळ शब्द आहेत. बेल्जियममध्येही सत्तर आणि नव्वद असेच म्हणतात, ऐंशी मात्र फ्रान्सप्रमाणे. फ्रान्समध्ये गेल्यावर सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-विसा आणि ब्याण्णव म्हणजे चार-विसा-बारा हे मला नव्याने शिकावे लागले.

पण मराठी माणसाने याचे भय बाळगू नये. माझी आजी आंब्यांची आणि नारळांची मोजणी कोडीने करत असे. एक कोडी म्हणजे वीस. ‘चार कोड्या’ ऐकल्यावर आमच्या घरात कोणी थबकत नसे. फ्रान्समधले ऐंशी, ‘कात्र-व्हॅं’, म्हणजे अगदी तेच आहे. शिवाय आपण एकोणसाठ, एकोणसत्तर म्हणताना पुढच्या दशकातून एक वजा करतो आणि पंचवीस म्हणताना आधी पाच, मग वीस म्हणतो. आपल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता, ते अनेकांना आठवत असेल. ज्या भाषेत एक ते शंभर जवळजवळ प्रत्येक आकड्याला वेगळे रूप आहे, ती भाषा बोलणाऱ्यांना चार-विसा-बारा जड जाण्याचे कारण नाही, फक्त सराव हवा.

सराव दूरध्वनी क्रमांकांचा करावा. फ्रान्समध्ये दहा आकडी क्रमांक दोन-दोनच्या पाच जोड्यांत सांगतात, आणि खरा पेच तिथे पडतो : ‘स्वासांत’ ऐकून आपण ६० लिहितो, आणि मागून ‘कॅंझ’, म्हणजे पंधरा, येते, तेव्हा कळते की ते ७५ होते. जोडी पूर्ण ऐकल्याशिवाय पेन टेकवू नये, एवढा एक नियम पाळला की पुष्कळ चुका टळतात.

फोडणीपात्र

मी शाकाहारी आहे आणि पॅरिसमध्ये तीन वर्षे राहिले, तेव्हा माझ्या वहीतली किराण्याची पाने येथे उतरवते.

मसुराची डाळ ‘लांतीय कोराय’, म्हणजे पोवळ्याच्या रंगाची मसूर, या नावाने साध्या सुपरमार्केटमध्ये मिळते. हरभरे ‘प्वा शिश’, त्यावरून बेसन ‘फारीन द प्वा शिश’. बारीक रवा ‘समूल फीन’. जिरे ‘क्युमॅं’, हळद ‘क्युर्क्युमा’, मेथी ‘फनुग्रेक’, भेंडी ‘गोंबो’. साबुदाणा शोधण्यात माझे दोन महिने गेले. तिथे त्याला ‘पेर्ल द्यू जापों’, म्हणजे जपानचे मोती, असे म्हणतात आणि तो खिरीच्या साहित्यात ठेवलेला असतो. तो टॅपिओकाचाच असतो, त्यामुळे खिचडी उत्तम होते, फक्त दाणा पाहून घ्यावा. श्रीखंडासाठी ‘फ्रोमाज ब्लां’ रात्रभर फडक्यात टांगले की चक्क्यासारखे होते. दुधाची बाटली बुचाच्या रंगावरून ओळखावी : लाल बूच सायीसकट, निळे अर्धी साय काढलेले, हिरवे पूर्ण साय काढलेले.

पोळ्यांसाठी कणीक हा मोठा प्रश्न असतो. फ्रान्समध्ये पिठाच्या पुडीवर ‘ते’ हे अक्षर आणि त्यापुढे आकडा असतो. पीठ जाळल्यावर किती राख उरते, त्यावरून तो आकडा ठरतो. कोंडा जितका जास्त तितकी राख जास्त आणि आकडा मोठा. ४५ आणि ५५ म्हणजे मैद्याच्या जवळचे, १५० म्हणजे पूर्ण कोंड्यासकट. मी ११० क्रमांकाच्या पिठात मूठभर ५५चे मिसळत असे, म्हणजे पोळी मऊ राहते. अगदीच आपले पीठ, हिंग, कढीपत्ता हवा असेल तर पॅरिसमध्ये ला शापेलच्या बाजूला श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकाने आहेत.

शाकाहाराबद्दल एक कळकळीची सूचना. ‘सां व्हियांद’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे म्हणून थांबू नका, कारण अनेकांच्या मनात मासे त्यात येत नाहीत, आणि सलाडवर किंवा बटाट्यावर ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, पेरलेले असू शकतात. ‘नी व्हियांद, नी प्वासों’ असे दोन्ही नाकारून सांगावे. ‘जेलातीन’, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ, आणि चीजमधले ‘प्रेझ्यूर’ हे शब्दही ओळखता यावेत. प्रेझ्यूर म्हणजे वासराच्या जठरातून काढलेले विरजण, जे अनेक पारंपरिक चीजमध्ये असते. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण न समजल्यामुळे खाल्ले जाऊ नये.

मोंरेयालकर

कॅनडातल्या केबेकला जाणाऱ्यांनी आणखी एक पान वाढवावे. फ्रान्समध्ये सकाळचे ‘पती देजने’, दुपारचे ‘देजने’ आणि रात्रीचे ‘दिने’ असते. केबेकमध्ये सकाळचेच ‘देजने’, दुपारचे ‘दिने’ आणि रात्रीचे ‘सुपे’. पहिल्याच आठवड्यात एका वर्गमित्राने मला ‘दिने’ला बोलावले, मी संध्याकाळी सात वाजता गेलो, आणि तो बिचारा दुपारी बारापासून वाट पाहून थकला होता. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला येथे ‘देपानर’ म्हणतात. फ्रान्समध्ये त्याच शब्दाचा अर्थ दुरुस्ती करणारा माणूस असा होतो. आभार मानल्यावर येथे ‘बियांव्हन्यू’ असे उत्तर मिळते, फ्रान्समध्ये ते स्वागतासाठीच वापरतात.

ग्रंथपाल_नाही

विद्यापीठाच्या दाराशी इंग्रजीच आपल्याला फसवते. ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान. ग्रंथालय म्हणजे ‘बिब्लिओतेक’. ‘पासे अॅन एग्झामॅं’ म्हणजे परीक्षेला बसणे. उत्तीर्ण होणे म्हणजे ‘रेयुसिर’. मी परीक्षा देऊन आल्यावर घरी फ्रेंच मित्राचे वाक्य जसेच्या तसे सांगितले आणि आईने निकालाआधीच पेढे वाटले. नंतर एका विषयाची ‘रात्रापाज’, म्हणजे फेरपरीक्षा, द्यावी लागली, तेव्हा तिला फार वाईट वाटले.

गुण वीसपैकी असतात. दहाला उत्तीर्ण, बाराला बरा, चौदाला चांगला, सोळाला फार चांगला असा शेरा मिळतो. आपल्याकडच्या टक्केवारीची सवय असलेल्या मुलांनी तेरा गुण पाहून खचून जाऊ नये. तिथे तो सन्मानाचा गुण आहे.

‘त्यू’ आणि ‘व्हू’ हे आपल्या तू आणि तुम्हीसारखेच, त्यामुळे इंग्रजीतून येणाऱ्यांपेक्षा आपल्याला ते लवकर उमगते. विद्यार्थी आपसांत पहिल्या क्षणापासून ‘त्यू’ म्हणतात, वय कितीही असो. प्राध्यापकांना ‘व्हू’. आपण मोठ्या विद्यार्थ्याला आदराने ‘व्हू’ म्हटले तर तो त्याला आदर समजत नाही, अंतर समजतो.

सायसाखर

सर्वांचे मनापासून आभार. हिरवी फळी मॅडम, लिपीबद्दलचे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पहिल्या सहा महिन्यांत मी देवनागरीत लिहीत होते आणि ‘र्यू’ म्हणजे रस्ता आणि ‘रू’ म्हणजे चाक, या दोन शब्दांचे उच्चार त्यामुळेच बरेच दिवस सारखे करत राहिले.

कालाविषयी एक राहिले होते. फ्रेंचमध्ये ‘युई जूर’, म्हणजे आठ दिवस, असे म्हणतात तेव्हा त्यांना एक आठवडा म्हणायचा असतो आणि ‘कॅंझ जूर’ म्हणजे पंधरा दिवस म्हणतात तेव्हा दोन आठवडे. माझ्या इंग्लंडहून आलेल्या वर्गमित्राला हा हिशेब पटत नव्हता. मला मात्र त्यात वेगळे काही जाणवलेच नाही, कारण ‘आठ दिवसांनी ये’ असे आपण पुढच्या त्याच वारासाठी सहज म्हणतो. ‘तूतालर’ हा शब्दही तसाच : मघाशी आणि थोड्या वेळाने, दोन्हींसाठी तोच, आणि अर्थ क्रियापदावरून घ्यायचा, जसा आपण ‘परवा’चा घेतो. बसून बसून पायाला मुंग्या आल्या, तर फ्रेंच माणसाच्याही पायात ‘फुर्मी’, म्हणजे मुंग्याच, येतात. तोंडाला पाणी सुटणे आणि अंगाला मुंग्या येणे हे मी मराठीतून शब्दशः उचलून बोलले आणि समोरच्याला ते कळले, तेव्हा मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. असे सापडले की वहीत तारा काढून ठेवत असे.

सागरगोटा

ग्रनोबलचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आमच्या वसतिगृहात मॉरिशसची एक मुलगी होती, मराठी कुटुंबातली. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्या लोकांपैकी तिचे पूर्वज. घरी क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, शाळेत इंग्रजी, वर्तमानपत्र फ्रेंच, आणि गणपतीच्या आरत्या मराठीत, असे तिचे बालपण गेले होते. माझी रोजची फ्रेंच खरे तर तिने घडवली, कारण ती न रागावता शंभर वेळा तोच शब्द सांगत असे.

पण तिच्याकडून शिकलेले भाज्यांचे शब्द घेऊन मी बाजारात गेले आणि भाजीवाल्यांना ते कळेनात. वांग्याला ती ‘ब्रॅंजेल’ म्हणायची, फ्रान्समध्ये ‘ओबेर्जीन’; भेंडीला ‘लालो’, कारल्याला ‘मार्गोझ’, दोडक्याला ‘पिपांगाय’. शेंगदाण्याला मॉरिशसमध्ये ‘पिस्ताश’ म्हणतात, आणि फ्रान्समध्ये तो शब्द उच्चारला की पिस्ता मिळतो, चौपट दराने. मी हे शब्द वहीतून खोडले नाहीत, त्यांच्यासाठी एक वेगळे दार केले. पुढे ती मला सुट्टीत तिच्या घरी घेऊन गेली, तेव्हा तिच्या आजीशी मी त्याच शब्दांवर बोलले. आजींना मराठी बोलता येत नव्हती, पण ‘सुखकर्ता’ पूर्ण पाठ होती.

निघालोय_रेनला

तीन आठवड्यांपूर्वी येथे प्रश्न विचारला होता, आता रेनहून लिहीत आहे. सायसाखर ताई, परवा खोलीचा एता दे लियो झाला. व्यवस्थापनाच्या बाई भराभर ‘बों एता’ लिहीत पुढे चालल्या होत्या. खिडकीखालच्या भिंतीला तडा होता; मी बोट दाखवून ‘फिस्युरे’ म्हणालो, त्यांनी वाकून पाहिले आणि तसे लिहिले. कपाटाच्या दाराला ‘रेये’, तेही लिहिले. मी छायाचित्रे काढून ठेवली आहेत.

मग त्या दाराबाहेर जाऊन भिंतीतल्या एका पेटीसमोर थांबल्या आणि मला काहीतरी विचारले, त्यातले मला अक्षरही कळले नाही. दोनदा विचारल्यावर त्यांनी वहीत लिहून दिले : ‘रलव्हे द कोंतर’. विजेच्या मीटरवरचा आकडा टिपून घ्यायचा होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला, मी जोडी पूर्ण होईपर्यंत पेन टेकवले नाही, आणि शेवटची जोडी ९२ बरोबर लिहिली गेली. घराच्या दाराच्या उजव्या पानावरची ही पहिली ओळ आहे. डावे पान अजून कोरे आहे, कारण गरम पाणी येत नाही हे कसे सांगायचे ते मला माहीत नाही. कोणी आज रात्रीपर्यंत सांगू शकेल का?

सायसाखर

‘या पा दो शोद.’ शब्दशः ‘गरम पाणी नाही’. आधी बोंजूर म्हणा, आणि त्या उजव्या पानावर हेही लिहून ठेवा : त्या तुम्हांला ‘दप्वी कां?’ असे विचारतील, म्हणजे ‘केव्हापासून?’ त्याला ‘दप्वी इएर’, कालपासून.